फेरोनाच्या मानेचा पीळ

फेरोना गिटारच्या कारखान्यात नव्वद माणसं होती, पण गिऱ्हाइकांशी बोलणारी एकटी तीच. सगळे तिला पत्रवाल्या बाई म्हणायचे. रंगखात्याच्या बरोबर डोक्यावर तिची खोली होती. खालून व्हार्निशचा वास वर यायचा आणि दुपारपर्यंत डोकं जड करून सोडायचा. खोलीत एक टेबल, एक टाइपरायटर, पत्रांच्या फायली आणि खिडकीशी एक खुर्ची. त्या खुर्चीवर कधी कुणी बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

फेरोना ही काही नावाजलेली कंपनी नव्हती. मोठ्या दुकानांत ती मागच्या भिंतीवर, सगळ्यात वरच्या खुंटीला टांगलेली असायची. ज्याला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे, पण खिसा परवानगी देत नाही, अशा माणसाला दुकानदार शेवटी शिडी लावून ती काढून द्यायचा. कारखान्यातच एकाने विनोद केला होता, "फेरोना घेतली की आधी दुकानात फेऱ्या आणि मग घरी रोना!" साहेब सोडून सगळे त्यावर हसले होते. तीही हसली होती.

तरी सगळ्याच फेरोना वाईट नव्हत्या, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कारण चांगली पत्रंही तिच्याकडेच यायची. एका न्हाव्याने लिहिलं होतं, की दुकान बंद केल्यावर मी रोज अर्धा तास वाजवतो, आणि शेजारचा चहावाला म्हणतो की हिचा आवाज मधासारखा आहे. एका शिक्षिकेने लिहिलं होतं, की खुंट्या फार ढिल्या आहेत, दर गाण्यानंतर सूर लावावा लागतो, पण त्यामुळे माझा कान मात्र तयार झाला, तेव्हा आभार. कुणाचं आवाज कमी-जास्त करायचं बटण अडकायचं, कुणाच्या पट्ट्याचा स्क्रू ऐन कार्यक्रमात निघून यायचा आणि गिटार पायावर आपटायची. एकाने तर रागाच्या भरात तो स्क्रूच पाकिटात घालून पाठवला होता. अशांना ती नवा स्क्रू पाठवायची, वर दोन ओळी आपल्या मनाच्या लिहायची. तिला ते काम आवडायचं.

तिचा थोरला भाऊ चष्म्याच्या काचा घासायचा. दिवसभर चाकासमोर बसून, पाण्याची धार सोडून, केसाएवढा फरकही चालणार नाही अशा काचा. दाराला कडी घातली का म्हणून दोनदा जिन्यावरून परत येणारा माणूस. आणि चूक कुणाचीही असो, पहिली मान खाली घालणार तो. लहानपणी घरात दूध उतू गेलं तर स्वयंपाकघरात नसलेला दादा म्हणायचा, "माझंच लक्ष नव्हतं."

या दादाला चाळिशीत गिटारचं वेड लागलं. तिने कारखान्यातून कामगारांच्या सवलतीत त्याला एक फेरोना मिळवून दिली, निळी, पांढऱ्या पट्टीची. ती हातात घेतली तेव्हा तो इतका लाजला, की वहिनी म्हणाली, "अहो, नवरी आणलीत की वाजंत्र?"

दोन वर्षांत तो बरा वाजवायला लागला. त्याच्या काचांच्या कारखान्यातला एक ड्रमवाला आणि एक गाणारा मिळाले आणि तिघं दर रविवारी दुपारी एका छोट्या हॉटेलात वाजवू लागले. जेवणाऱ्यांचं लक्ष ताटात असायचं, पण दादाला त्याचं काही नव्हतं. इस्त्रीचा सदरा घालून तो निघायचा आणि परत आला की बहिणीला फोन करायचा. "चिमे, आज एक बाई उठून विचारायला आली, हे कोणतं गाणं म्हणून."

मग तिसऱ्या वर्षी पत्रांचा सूर बदलला.

एकामागून एक पत्रं यायला लागली, आणि सगळ्यांत एकच रडगाणं. गिटारची मान वाकडी होतेय. वाकडी म्हणजे पुढे-मागे नव्हे. तशी वाकली तर आतली सळई पिळून सरळ करता येते. हिला पीळ पडत होता, ओला टॉवेल पिळावा तसा. एका बाजूच्या तारा पट्टीला घासून करकरायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या इतक्या वर जायच्या की दाबताना बोटं सोलायची. सूर तर कुठेच लागायचा नाही.

लाकूड वाळवण्याच्या भट्टीवर एक म्हातारा माणूस होता. एक दिवस डबा खाताना त्यानेच तिला हळूच सांगितलं, "बाई, तीन वर्षांपूर्वी लाकूड चार आठवडे ठेवायचं ते दहा दिवसांत बाहेर काढलं. वरून हुकूम होता. मी ओरडून सांगितलं, हे लाकूड अजून ओलं आहे, हे आपला सूड घेईल. कोण ऐकतं?"

ती तशीच उठून साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, घाबरलेला माणूस होता. त्याने टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला. उत्तराचा मसुदा तयारच होता. 'आपले वाद्य दमट किंवा अति उष्ण जागी ठेवले गेल्याने त्याच्या मानेत दोष निर्माण झाला आहे. हा दोष हाताळणीतील असल्याने कंपनी त्यास जबाबदार नाही.'

"पण साहेब, दोष तर..."

"बाई, या महिन्यात बारा जणांना घरी बसवायचंय. यादी अजून पक्की नाही."

एवढंच बोलला तो. ती खोलीत आली आणि टाइप करायला बसली. पहिल्या दिवशी नऊ पत्रं गेली. पुढे पुढे तिला मसुद्याकडे बघावंही लागेना.

आणि एका सकाळी टपालात एक पाकीट आलं. त्यावरचं अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

दादाने आपली तक्रार रीतसर पोस्टाने पाठवली होती. बहीण त्याच कारखान्यात, फोन उचलून सांगायचं सोडून त्याने कोऱ्या कागदावर समास सोडून लिहिलं होतं, 'महोदय'. ओळखीचा फायदा घ्यायचा नाही, हा त्याचा जन्माचा हट्ट. गिटारचा क्रमांक, घेतल्याची तारीख, मान किती फिरली आहे तेही त्याने काचा मोजायच्या मापपट्टीने मोजून लिहिलं होतं. शेवटी होतं: 'गेले चार महिने माझे सहकारी म्हणतात की माझा कान गेला आहे. मलाही तसेच वाटत होते. परवा मान नीट तपासली तेव्हा हा पीळ दिसला. माझ्याकडून काही चूक झाली असल्यास कृपया कळवावे.'

तीन दिवस ते पत्र तिच्या खणात पडून होतं. चौथ्या दिवशी साहेबाने आवक वहीवरून बोट फिरवत विचारलं, "या एकाला उत्तर गेलं नाही का?"

तिने टाइप केलं. सगळ्यांना गेलं तेच. फक्त शेवटी एक वाक्य आपलं घातलं, 'आपण वाद्याची घेतलेली काळजी आपल्या पत्रावरून दिसून येते.' साहेबाने सही करण्याआधी त्या वाक्यावर लाल रेघ मारली. "काळजी घेतली म्हणायचं आणि वर हाताळणीत दोष म्हणायचं, असं कसं चालेल?" तिने पत्र पुन्हा टाइप केलं.

रविवारी दादाचा फोन आला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

"तुमच्या खात्याचं उत्तर आलं बरं का. बरोबर लिहिलंय त्यांनी. मी ती न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवायचो ना. पलीकडून ओल येते. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"दादा, अरे, भिंतीने एवढं होत नसतं."

"होतं, होतं. काचेचंच बघ ना, जरा ओल लागली की डाग पडतो. जाऊ दे. इतकी चांगली वस्तू तू मिळवून दिलीस आणि मी तिची माती केली."

सांगायचं होतं. पण आज नको, यादी लागू दे, मग सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. यादी लागली, तिचं नाव त्यात नव्हतं. भट्टीवरच्या म्हाताऱ्याचं होतं. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं? आणि दिवसांची वर्षं झाली.

रविवारच्या हॉटेलात दुसरा गिटारवाला आला. दादाने निळी फेरोना आधी कपाटावर ठेवली, मग पलंगाखाली, आणि शेवटी भंगारवाल्याच्या गाडीवर. इस्त्रीचा सदरा कामावर जायला लागला. वहिनी एकदा सहज बोलून गेली होती, "हल्ली हे रेडिओही लावू देत नाहीत. म्हणतात, मला त्यातलं काय कळतंय."

त्या उत्तरानंतर नऊ वर्षांनी कारखाना बंद पडला. स्वस्त माल दुसरीकडून येऊ लागला होता आणि फेरोनाला मागच्या भिंतीवरही जागा उरली नव्हती. शेवटच्या आठवड्यात फायली लगद्याला देण्यासाठी खाली फेकत होते. तिने त्या एका वर्षाच्या तक्रारींची खोकी रिक्षात घातली आणि घरी आणली. कुणी अडवलं नाही. साहेब दारातच उभा होता, त्याने तोंड फिरवलं.

त्याच रविवारी ती दादाकडे गेली. स्वयंपाकघरात तिघं बसले होते. वहिनी चहा गाळत होती. दादाचे केस पार पिकले होते आणि काचा घासून घासून बोटांची पेरं सुजली होती. तिने पर्समधून त्याचंच पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ओलं लाकूड, दहा दिवस, म्हातारा, मसुदा, लाल रेघ. "ते उत्तर मी टाइप केलं होतं, दादा. मला माहीत होतं आणि मी टाइप केलं."

दादाने पत्र उचललं, लांब धरून वाचलं. मग तिच्याकडे बघून हसला. लहान मुलाने पडून गुडघा फोडून घेतल्यावर मोठ्या माणसाने त्याच्याकडे बघून हसावं तसं.

"चिमे, नोकरी गेली म्हणून तुझं मन हळवं झालंय. त्यात तुला असं वाटतंय."

"वाटत नाही रे. खरं आहे."

"मला बरं वाटावं म्हणून तू लहानपणापासून असलंच करतेस. अगं, भिंत ओली होती. मी स्वतः हात लावून बघितली होती."

ती पुन्हा सांगत गेली, तो पुन्हा मान हलवत गेला. शेवटी त्याने पत्राची नीट घडी घातली आणि तिच्या पर्समध्ये ठेवून दिली.

वहिनीने मात्र गाळणी तशीच हातात धरली होती. चहा कधीच गाळून झाला होता. ती म्हणाली, "नऊ वर्षं हा माणूस मला सांगतोय, की माझ्या हातात कुठलीही चांगली वस्तू टिकत नाही. नवीन पडदे घेतले नाहीत आम्ही. का, तर म्हणे माझ्याकडून खराब होतील. आणि तुम्ही दर रविवारी फोनवर 'कसा आहेस दादा' विचारत होतात?"

"वहिनी..."

"चहा घ्या आणि जा."

पुढचे दोन महिने तिने खोक्यातली पत्रं उपसली आणि एकेका पत्त्यावर लिहायला घेतलं. काय झालं, कुणामुळे झालं, आपण काय केलं. निम्मी पाकिटं पत्ता बदलला म्हणून परत आली. एकाने दोन पानं शिव्या लिहून पाठवल्या, त्या तिने शेवटपर्यंत वाचल्या. न्हाव्याने कळवलं, की मान गेली, पण गिटार दुकानात टांगली आहे, गिऱ्हाइकं चौकशी करतात. एका बाईने फक्त तीन ओळी लिहिल्या होत्या: 'गिटार खिडकीत ठेवल्याबद्दल मी नवऱ्याला बोलबोल बोलले होते. ते आता नाहीत. तुम्ही कळवलंत ते चांगलं केलंत की नाही, मला सांगता येत नाही.'

त्याच सुमाराला एका दुपारी वहिनीचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही गेल्यावर ते बोलले नाहीत, पण डोक्यात किडा शिरला होता," वहिनी म्हणाली. "काल मला न सांगता वाद्यांच्या दुकानात गेले. चांगली नवीकोरी गिटार काढायला लावली. स्टुलावर बसले. अर्धा तास. बोटं वळेचनात हो. एक सूर धड निघाला नाही. दुकानातला पोरगा बिचारा म्हणाला, काका, राहू द्या. घरी आले आणि मला म्हणतात कसे, बघ, गिटार नवी होती, मान सरळ होती. मग आता दोष कुणाचा?"

पलीकडे वहिनी रडत होती की नाक ओढत होती, ते कळत नव्हतं.

"भेटायला येऊ?" तिने विचारलं.

"नको. तुम्हाला बघितलं की ते हसून दाखवतात. नंतर त्याचा त्यांना त्रास होतो."

फोन ठेवल्यावर आठ-दहा दिवस तिने खोक्याला हात लावला नाही. मग एका सकाळी भांडी घासून झाल्यावर ती पुन्हा टेबलाशी बसली. अजून बरीच पत्रं उरली होती. आधीच्या पत्रांत ती शेवटी क्षमा मागायची आणि उत्तराची वाट बघते असं लिहायची. आता त्या दोन्ही ओळी तिने गाळल्या. लाकूड ओलं होतं, तुमची चूक नव्हती, आणि हे तेव्हाही आम्हाला माहीत होतं, एवढंच लिहून तिने खाली सही केली आणि पुढचं पाकीट उघडलं.