वळशानं मोजलेलं शिंग

काळवीट दोनशे पावलांवर उभं असलं तरी त्याच्या शिंगांची लांबी धुळा धनगर नुसत्या नजरेनं सांगायचा. मागाहून टेप लावावा, तर अर्ध्या इंचापलीकडं फरक निघत नसे. सोलापुरातून वळसंगच्या माळावर शिकारीला येणारी साहेब मंडळी म्हणूनच त्याला सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकत नसत. धुळानं स्वतः आयुष्यात बंदुकीला हात लावला नव्हता. त्याचं काम एवढंच, की कळपातला कुठला नर मारण्याजोगा आणि कुठला सोडण्याजोगा हे सांगायचं.

त्याचं माप म्हणजे जनावराचा कान. जाणत्या नराचा कान आठ बोटं, म्हणजे साहेबी हिशेबानं सहा इंच. शिंग तीन कान भरलं तर अठरा, साडेतीन भरलं तर एकवीस. पण एकट्या कानावर तो विसंबत नसे. मान ताठ करून उभा राहिलेला नर मोठा दिसतोच. तरण्या नराचं अंग बारीक, म्हणून त्याची शिंगं उगाच लांब भासतात. आणि उन्हं कलली की कुठलंही शिंग दोन बोटं वाढतं. म्हणून जनावर समोरूनही पाहायचं, बाजूनंही पाहायचं, आणि तोवर दम धरायचा. मेंढरांमागं चाळीस वर्षं चालून कमावलेली ही नजर होती आणि तिचा त्याला अभिमान होता.

एकोणीसशे एकतीसच्या थंडीत मुंबईहून एक इंजिनियर साहेब आला. त्याच्याबरोबर दुभाषा म्हणून कचेरीतले कारकून यज्ञेश्वरपंत होते. सोलापुरातल्या साहेबलोकांच्या क्लबात एक फळा होता. चोवीस इंचांवरचं काळवीट मारणाऱ्याचं नाव त्यावर चढे, आणि मापाच्या कागदावर वाटाड्याचा अंगठा लागे. साहेबाला चार दिवसांत त्या फळ्यावर नाव हवं होतं. धुळानं पहिल्याच दिवशी पंतांकरवी सांगितलं की या माळावर बावीसच्या वर जनावर क्वचित दिसतं, चोवीसचं त्यानं उभ्या जन्मात दोनदाच पाहिलंय. साहेब हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी करडईच्या रानाकडेला कळप दिसला. दोन नर होते. डावीकडचा काळाभोर, मानेनं जाड, शिंगांचे वळसे बुडाशी झिजलेले. धुळानं त्याला साडेतीन कान मोजलं. उजवीकडच्याच्या पाठीवर अजून तांबूस केस होते, पण तो मान उंच करून बघत होता. साहेबानं त्याच्यावर नेम धरला. धुळानं हात आडवा केला, मान हलवली, डावीकडं बोट दाखवलं. साहेबाला वाटलं, हा मोठं जनावर दुसऱ्या कुणासाठी राखतोय. त्यानं धुळाचा हात झटकला आणि गोळी घातली.

जवळ जाऊन पाहिलं तर ते तीन वर्षांचं होतं. धुळानं गुडघ्यावर बसून शिंगाला वीत लावली. दोन विती, बस. अठरा इंच. साहेबाचा चेहरा उतरला, आणि मग तो धुळावरच ओरडू लागला, की यानंच मला फसवलं. धुळाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. पंतांनी तरजुमा केला नाही, तेही त्याला कळलं.

दुपारी मुक्कामाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबानं टेप बाजूला ठेवला आणि सुतळी मागवली. ती शिंगाच्या प्रत्येक वळशातून गोल गोल फिरवत टोकापर्यंत नेली, मग सरळ करून मोजली. साडेचोवीस भरली. कागद लिहून झाला. पंतांनी शाईचं पॅड पुढं केलं.

धुळानं हात मागं घेतला.

"पंत, सोलापूर ते वळसंग गाडी शेतातनं गरागरा फिरवत आणली, म्हणून वळसंग लांब गेलं का?" तो म्हणाला. "शिंग बुडापासनं टोकापत्तर सरळ मापायचं. ह्ये अठरा हाय. माजा अंगटा साडेचोविसाला लागायचा न्हाय."

पंतांनी समजावलं, साहेबाला उद्या जायचंय, तुझं काय जातं. मग आवाज उतरवून आठवण दिली, की कुरणातल्या चराईचा परवाना त्यांच्याच टेबलावरून जातो. धुळानं काठी उचलली आणि तो पायऱ्या उतरला. वाटेत तो मनाशी तेच घोळवत राहिला. जनावराचं पोर मारलं ते मारलं, वर खोटं बोललं, आणि त्या खोट्याला अंगठा कुणाचा, तर ज्यानं नको म्हणून हात आडवा केला त्याचा.

घरी केराबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं नवऱ्याला दोष दिला नाही, पण परवान्याचं ऐकून ती मेंढवाड्यातल्या मेंढरांकडं बघत राहिली.

कागदावर शेवटी गुंडा नावाच्या एका माणसाचा अंगठा लागला. हा गावातलाच, त्या दिवशी माळावर नव्हताच. साहेबाचं नाव फळ्यावर चढलं. परवाना मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात धुळा आणि केराबाई मेंढरं घेऊन टेंभुर्णीकडं भीमेच्या काठाला गेली. सात मेंढ्या वाटेत मेल्या.

पाऊसकाळ सरल्यावर क्लबाच्या बटलरनं घोंगड्या मागवल्या, म्हणून धुळा तिथं गेला. भिंतीवर त्या काळविटाचं पेंढा भरलेलं मुंडकं टांगलेलं होतं. धुळा घोंगड्या खांद्यावर तशाच ठेवून बघत उभा राहिला. शिंगं तीच, पण आता कानाच्या मापानं चार कान भरत होती. मग त्याच्या ध्यानात आलं. मुंडकं भरणाऱ्यानं कान खुडून लहान केले होते. सहा बोटांचे.

बटलरला त्यानं ते दाखवलं, तर तो म्हणाला, असंच करतात, शिंग खुलून दिसतं. धुळा तिथून तडक कचेरीच्या आवारात गेला. पंत चार माणसांत उभे होते.

"मेलेल्या जनावराचं कान कापलं की हो पंत," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तुमाला लिवता येतं, तुमी काय बी लिवता. मला येत न्हाय, म्हनून माजा अंगटा मागत हुता व्हय?"

माणसं पंतांकडं बघू लागली. पंतांनी उपरण्यानं तोंड पुसलं. धुळाला हळू बोलायला सांगितलं, आणि त्यानं आवाज उतरवला नाही तेव्हा स्वतःच आत निघून गेले.

दिवाळीनंतर चराईचा परवाना आला. कुणी काढून दिला, हे कुणी बोललं नाही. केराबाईच्या सांगण्यावरून धुळानं तो घेतला, मेंढरांना गवत लागतं म्हणून. शिकारीला मात्र तो पुन्हा कुणाबरोबर गेला नाही. साहेब लोक गाड्या घेऊन यायचे, गुंडाला पुढं घालायचे, आणि गुंडा त्यांना हवं ते माप सांगायचा. पंत रस्त्यात भेटले की रामराम घालायचे. धुळा मेंढरांना हाक देत पुढं जायचा.