डाळिंबाची वाटी आणि पाताळाचा राजा

"हे खाल्लं तर मला हितंच राहावं लागंल," असं म्हणून माझ्या नातीनं डाळिंबाच्या दाण्यांची वाटी सगळ्यांच्या देखत परत सरकवली.

इंदापूरला तिच्यासाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलाच्या घरी डाळिंबाची बाग. दाणे मुलाच्या आईनं स्वतः सोलून आणले होते. तिचा हात तसाच हवेत राहिला. माझ्या लेकाचा, म्हणजे पोरीच्या बापाचा, पोह्यांचा घास गालात अडकला. मुलाचा बाप हसला, पण नुसत्या दातांनी.

पोरीला असं बोलायला कुणी शिकवलं, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. ग्रीस देशाच्या देवांनी.

त्या देशाच्या जुन्या गोष्टी आता कॉलेजातल्या पोरापोरींसाठी नव्यानं लिहितात. विटेएवढी जाड पुस्तकं, काळं कव्हर, वर सोनेरी वेल. एका पुस्तकात गोष्ट संपत नाही. ऊस तोडला की बुडख्यातून पुन्हा फुटतो, तशी ती फुटत राहते. नात आमच्या काटेवाडीहून बारामतीच्या कॉलेजात जाते, तिथून ही पुस्तकं आणते. इंग्रजीत असतात आणि माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून भाजी निवडायच्या वेळी ती मला मराठीतून सांगते. सांगते ती, निवडते मी.

सगळ्या पुस्तकांत सतरा-अठरा वर्षांची एक पोर असते. आपला बाप देव आहे, हे तिला ठाऊक नसतं. देवालाही तिची आठवण नसते, कारण त्याची पोरं गावोगाव. मग ती पोर तलवार घेऊन जग वाचवते. आमची वाचता वाचता दूध उतू घालवते.

तिचं लाडकं पुस्तक पाताळाच्या राजाचं. जुन्या गोष्टीत तो फुलं तोडणाऱ्या एका पोरीला उचलून नेतो. तिची आई पिकांची देवी, ती असा आकांत करते की पिकं करपतात. तेव्हा देव म्हणतात, पोर परत दे. पण तिनं तिथं डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात. पाताळात खाल्लं की पाताळाचं झालं. मग दर वर्षी काही महिने ती तिकडंच.

"पण नव्या पुस्तकात ती आपल्या खुशीनं खाती, आज्जे," नात म्हणाली. "जीव जडलेला असतो तिचा. काय उंच, काय डोळे त्याचे!"

"उचलून नेलेली पोर खुशीनं जेवली, हे सांगितलं कुणी?"

"पुस्तकातच हाय."

"त्यानंच लिवायला सांगितलं असंल. आन् तिची आज्जी कुठं हुती?"

"आज्जी न्हाय गं त्यात."

"मग बरोबर. पोर जाणारच."

इंदापूरला जायचं ठरलं तेव्हा मात्र पोरीचं तोंड उतरलं. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. बाप म्हणाला, "लग्नानंतर शिकंल की." चौथीनंतर मलाही हेच सांगितलं होतं, पुढचं सासरी शीक. सासरी मला म्हशींनी शिकवलं.

म्हणून गाडीत मी तिच्या कानात आमचा जुना रिवाज घातला. स्थळ बघायला गेल्यावर घोटभर पाणी घ्यावं, बाकी काही तोंडात घालू नये. पसंत पडलं तरच खायचं. खाल्लं म्हणजे जमलं. आता हे कोण पाळतं? लोक पोहे खातात, वर शेव मागून घेतात आणि दारातून निघताना "कळवतो" म्हणतात. पोरीनं गप वाटी बाजूला ठेवायची, तर तिनं माझा रिवाज आणि तिचं पुस्तक एकत्र कालवून सगळ्यांना ऐकवलं.

समोर मुलगा बसला होता. पाताळाचा राजा काळ्या घोड्यांच्या रथातून येतो म्हणे. हा मोबाईलला चार्जर लावून भिंतीजवळ बसला होता, वायर पुरत नव्हती म्हणून वाकडा.

त्याच्या बापानं सावरून घेतलं. "चेष्टा करती पोर! पाव्हणं, पोहं खाल्लं न्हवं? आपल्यात खाल्लं म्हंजी जमलं. आता तारीख काढू."

माझा लेक मान हलवायला लागला. तोंडात पोहे असल्यामुळं त्याला बोलता येत नव्हतं, ही देवाची कृपा. कुठल्या देशाच्या, ते माहीत नाही.

मी म्हणाले, "रिवाज तुमीच काढला, बरं केलं. जिला हितं नांदायचं तिनं खाल्लं न्हाय. खाल्लं माझ्या लेकानं. त्याला ठिवून घ्या."

पदर तोंडाला लावून पहिली हसली ती मुलाची आई. तिचा नवरा म्हणाला, "आज्जी, लई बोलता तुमी."

"वयच हाय माझं. शिक्षण झाल्यावर पोर स्वतःच सांगंल, हितं खायचं का न्हाय ते."

मग मी ती वाटी ओढून घेतली आणि सगळे दाणे खाल्ले. सोललेलं डाळिंब टाकून यायला मी काही देव नाही. गोड होतं. मला ठेवून घ्यायचा आग्रह कुणी केला नाही.

लेक वाटभर माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावर भाकरी मागायला बोलला.

नात आता शेवटच्या वर्षाला आहे. ती न खाता परत आली, मी खाऊन परत आले. दोघी काटेवाडीतच आहोत.