मी चहाला गेलो होतो

कापगते गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मुलांच्या चित्रांचे गठ्ठे बांधत होतो. त्यांच्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षकाचा फोन होता. सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले, म्हणाले. त्रास झाला नाही. मी "अरेरे" म्हटलं, "केव्हा नेणार?" विचारलं, फोन ठेवला. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. छातीवरचं कोणीतरी उठून गेल्यासारखं. दुःख आलं, पण मागून आलं, सौंदडला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसल्यावर... आणि त्यात ते पहिलं वाटणं मिसळलेलं होतं. दीड महिना झाला, ते काही वेगळं होत नाही. म्हणून हे लिहितो आहे. हा गुणगौरवाचा लेख नाही, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

गुरुजींची माझी ओळख १९९९ची. मी तेव्हा गोंदियातल्या एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नवीनच लागलो होतो आणि शहरातल्या एका राइस मिलच्या शेठजींनी जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांसाठी हस्तकौशल्य आणि रचनेची स्पर्धा सुरू केली होती. मुलांनी स्वतःच्या हाताने, कामात येईल अशी एक वस्तू करून आणायची. मिलचं एक गोदाम त्यासाठी रिकामं व्हायचं, सतरंज्या पडायच्या, टेबलं लागायची. कितीही झाडलं तरी कोंड्याची भुकटी वरून पडतच राहायची, आणि दुपारपर्यंत थर्माकोलचा पांढरा ताजमहालसुद्धा पिवळा दिसायला लागायचा. परीक्षक दोघे. सौंदडजवळच्या हायस्कुलात कार्यानुभव शिकवणारे कापगते गुरुजी, आणि दुसरा मी. गुरुजी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. अंगाने सुकडे, पांढरा पायजमा-सदरा, आणि बोटांची पेरं बांबूच्या कामाने चिरलेली.

शेठजी माणूस वाईट नव्हता. हौशी होता. पण त्याला वस्तू मोठी लागायची. "गुरुजी, फोटो में आना चाहिए. छोटी चीज़ फोटो में दिखती नहीं." त्यावर गुरुजी शांतपणे म्हणायचे, "शेठजी, फोटो में तो आपकी मिल भी मंदिर दिखती है." शेठजी पोट हलवत हसायचा, पुन्हा त्याच ताजमहालापाशी जाऊन उभा राहायचा.

गुरुजींची परीक्षा करायची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आवडलेल्या वस्तूजवळ ते खाली सतरंजीवर बसायचे, ज्याने ती केली त्या मुलाला शेजारी बसवायचे, आणि म्हणायचे, "याच्यातला एक सांधा उसव बाबू, अन माह्यासमोर पुन्हा बांध." मुलगा बांधेपर्यंत गुरुजी त्याच्या गावातली बोडी, म्हणजे लहान तलाव, यंदा भरली का, मामा कुठचा, असं काहीबाही विचारत राहायचे. ज्याने स्वतः केलं त्याचे हात बोलता बोलता काम करायचे. बापाने किंवा बाजारातल्या कारागिराने केलेलं असेल तर पोराचे हात थांबायचे. गुरुजी कधी कोणाला पकडलं म्हणून ओरडले नाहीत. "बरं, पुढच्या वर्षी तू कर," एवढंच. पण दोन नियम होते. बांबूचं, गवताचं काम असेल तर उसवण्याआधी सांध्यावर पाणी शिंपडायचं, वाळलेली कमची, म्हणजे बांबूची पट्टी, सुटताना तडकते म्हणून. आणि दुसरा, उसवायचं ते करणाऱ्यानेच. परीक्षकाने हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "आमच्या कोहळी लोकाईनं तलाव बांधले, तं मातीची पाळ बांधणारा त्याच पाळीच्या खाली घर करून राहे. फुटली तं पयले त्याचं घर जाईन. ज्याचं घर खाली नाही, त्यानं पाळीले हात लावू नये, रहांगडाले."

मी त्या वाक्यावर मान डोलावली होती. मला आठवतं.

आठ वर्षं मी असा दुसरा परीक्षक होतो. गुरुजी ज्याला गुण देत त्याला मी देई, ते सही करत तिच्या खाली माझी. मिलमधली माणसं चहा आणायची तीही "गुरुजींचा" आणि "सरांचा पण" अशी. गुरुजींनी कोणतं खोटं कसं ओळखलं याचे किस्से शेठजी दर वर्षी पाहुण्यांना रंगवून सांगायचा, आणि मी तिथेच उभा राहून हसायचो. मला हेवा वाटत होता असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. आता भांडत नाही.

आठव्या वर्षी सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका खेड्यातून नववीतली एक मुलगी आली. तिचं नाव इथे पौर्णिमा म्हणतो. खरं नाव लिहू नका, असं तिने सांगितलं आहे. तिने बांबूची एक सपाट होडी केली होती, हातभर लांब. भाताच्या रोवणीच्या वेळी बायकांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या आणायला चिखलातून सारखं बांधापर्यंत जावं लागतं. ही होडी कमरेला दोरीने बांधायची, पेंढ्या तिच्यात टाकायच्या, आणि रोवत रोवत मागे सरकताना ती आपल्यासोबत घसरत येते. मुलीची आई रोवणीला जायची. आदल्या दिवशी वस्तू जमा होताना गुरुजींनी ती होडी पाहिली, उलटी केली, बुडाशी नाक नेऊन बराच वेळ पाहत राहिले. "रहांगडाले, उद्या या पोरीपाशी बसू," म्हणाले. त्यांचा चेहरा असा मी थोड्याच वेळा पाहिला होता.

मला मात्र ती होडी पाहून एकच वाटलं. हे मुलीचं काम नाही. बांधणी इतकी साफ होती की हे बाजारातल्या बुरडाचंच, अशी माझी खात्री झाली. आणि सोबत एक विचार आला... गुरुजींना जे दिसलं नाही ते या खेपेला मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर पोचलो. सौंदडकडची गाडी उशिरा होती, गुरुजी यायचे होते. मुलं बाहेर मैदानात पोहे खात होती. गोदामात कोणी नव्हतं. मी होडी उचलली, उलटी केली आणि बुडाचा सांधा नखाने सोडवायला लागलो. पाणी शिंपडलं नाही. मुलीला बोलावलं नाही. मला फक्त आत बुरडाची गाठ आहे का ते पाहायचं होतं, मग तसंच बसवून ठेवणार होतो.

आत गाठच नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत सगळी होडी एकाच सलग कमचीने विणलेली होती, चिखलात ती लवावी, मोडू नये म्हणून. बाजारातला बुरूड असं करत नाही, त्याला तेवढा वेळ नसतो. हे कोणीतरी आईच्या पाठीकडे पाहून केलं होतं. ते मला कळलं आणि त्याच वेळी कमची तडकली. ताण सुटला, दोन्ही बाजू उघडल्या आणि ती होडी माझ्या हातात सुपासारखी पसरली. मी ती टेबलावर ठेवली, जमेल तशी दाबून, आणि मागच्या दाराने बाहेर पडून टपरीवर गेलो. चहा घेतला. चहाची चव आठवत नाही, पण दुसरा कप मागितला ते आठवतं.

परत आलो तेव्हा गुरुजी आले होते. होडी त्यांच्या हातात होती, आणि समोर ती मुलगी उभी होती. भोवती मिलची माणसं, दोन-तीन शिक्षक, शेठजी. मिलचा मॅनेजर म्हणाला, "उसवलं असंल गुरुजींनं, ते तं उसवतेच." एवढं पुरलं. आठ वर्षं ज्यासाठी त्यांचं कौतुक झालं, तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला.

"गुरुजी, ये क्या किया आपने?" शेठजी म्हणाला. "बच्ची को पूछ के तो खोलते!"

"मी नाही उसवलं," गुरुजी म्हणाले. एकदाच म्हणाले.

शेठजी माझ्याकडे वळला. "सर, आप तो पहले आ गए थे. आपके सामने हुआ क्या?"

मी म्हणालो, "मी चहाला गेलो होतो."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं कामी आलं. गुरुजींनी तेव्हा वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या उघड्या दाराकडे, हे मला आजही ठरवता येत नाही. मग ते खाली बसले, कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं, आणि मुलीला म्हणाले, "ये मा, आपण दोघं बांधू." मुलीने होडी त्यांच्या हातातून हिसकली. "हात नका लावू तुमी!" ती ओरडली, आणि त्या तुटक्या कमच्या छातीशी धरून बाहेर पळाली. पहिलं बक्षीस थर्माकोलच्या देवळाला गेलं. गुणपत्रिकेवर वरची सही नव्हती, फक्त माझी होती. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली, परीक्षकाने विद्यार्थिनीची वस्तू मोडली म्हणून. नाव होतं कापगते.

पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं गेलं नाही. मुख्य परीक्षक मी झालो. पुढे बरीच वर्षं होतो. हार घातले, भाषणं केली, "हाताचं महत्त्व" यावर बोललो. एकाही मुलाला सांधा उसवायला सांगितलं नाही. गुरुजी अधूनमधून भेटायचे, स्टेशनवर, कोणाच्या लग्नात. त्या सकाळच्या प्रकाराबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. एकच विचारायचे, "यंदा का आलं जी स्पर्धेत?" आणि मी सांगायला लागलो की जेवणाचं ताट तसंच सोडून ऐकायचे. बुड कसं होतं, कड कशी वळवली होती, सगळं विचारायचे. माझ्याकडे उत्तरं नसायची, कारण मी वस्तू उचलून पाहतच नव्हतो. शेवटच्या भेटीतही, त्यांच्या घरी, तेच विचारलं. स्पर्धा बंद पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेठजीच्या मुलांना त्यात रस नव्हता. हे त्यांना सांगवेना. मी एक वस्तू मनानेच बनवून सांगितली, मोहफुलं वेचायची टोपली, खाली पाय असलेली. गुरुजी डोळे मिटून ऐकत राहिले. "पाय किती?" "तीन." "बेस केलं पोरानं," म्हणाले, "तीन पाय डुगडुगत नाही."

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तीन पायांची टोपली सांगून उठून आलो.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो आणि काकूजींना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "मले कायले सांगून राहिले आता? ज्याईले सांगाचं होतं ते तं गेले." मी उठायला लागलो. मग त्याच म्हणाल्या, "अन त्या पोरीले सांगतलं का?"

पौर्णिमा आता कुडव्याला राहते. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मला तिने ओळखलं नाही. ओळख सांगितल्यावर "बसा ना सर" म्हणाली आणि गिऱ्हाइकाची खुर्ची पुढे केली. मी बोलत असताना मशीन चालूच होतं. मग थांबलं.

"त्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

तिने हातातलं कापड सुईखाली सरकवलं. "मयतीले आमच्या गावचे टेम्पो करून गेले सर. मायनं मले फोन केला, चाल म्हणून. मी म्हटलं, त्या माणसाच्या मयतीले मी काऊन येऊ?" तिचा आवाज चढला नाही. "त्याईले मी सगळ्याईसमोर बोलली. पेपरात आलं. अन तुमी मले इथं एकटीले सांगून राहिले? माह्यं नाव नका लिवू, पण पेपरातच सांगा ना."

मी माफी मागणार होतो. तिने मशीनची सुई खाली केली. ते उठून जायला सांगणंच होतं.

हा लेख लिहून झाल्यावर, पाठवण्याआधी, काकूजींना वाचून दाखवायला गेलो. सपरीत, म्हणजे ओसरीत, बसलो. गुरुजी ज्या खांबाशेजारी भिंतीला टेकून काम करत बसायचे तिथे चुन्यावर त्यांच्या पाठीचा एक तेलकट, गुळगुळीत डाग आहे. ते गेल्यावर दिवाळीला घराला चुना दिला तेव्हा काकूजींनी तेवढी जागा सोडायला लावली होती. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "याच्यात तुमचं पुरं नाव कोठी आहे?" मी म्हटलं, लेखाखाली येतं. "खाली बारीक येते. त्याईचं वर आलं होतं. मंदात लिवा, लेखाच्या आत, चांगलं."

तिथेच बसून लिहिलं. ती होडी कापगते गुरुजींनी मोडली नाही. ती मी, सुधाकर रहांगडाले, चित्रकला शिक्षक, गोंदिया, याने मोडली, आणि ते उभे असताना गप्प राहिलो.

"आता वाचा," काकूजी म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या त्या डागाकडे वळून जरा मोठ्याने, गुरुजींना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं त्या सवयीने, म्हणाल्या, "आयकलं का, अजी?"