नाही म्हणायला स्वतः येणाऱ्या नीलिमाताई

नीलिमाताईंना मी पहिल्यांदा भेटले ती तक्रार घेऊन. तेव्हा त्या काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या अमेरिकन संसदेत, नव्हत्या, आमच्या टाउनशिपच्या कौन्सिलवर, म्हणजे नगरपरिषदेवर, होत्या. ओक ट्री रोड ओलांडायला पायी चालणाऱ्यांना इतका कमी वेळ मिळायचा की माझ्या सासूबाई निम्म्या रस्त्यात असतानाच गाड्या सुटायच्या. कौन्सिलच्या बैठकीत उठून मी हे तावातावाने सांगितलं. आता माझे आभार मानतील, चौकशी करू म्हणतील आणि पुढचा विषय घेतील, अशी माझी खात्री होती. नीलिमाताईंनी विचारलं, "आजी शनिवारी फ्री आहेत का?" शनिवारी त्या खरंच आल्या. सासूबाईंचा हात धरून, त्यांच्याच चालीने त्यांनी रस्ता ओलांडला. मध्येच एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तर त्याच्याकडे असं काही बघितलं की तो खिडकीची काच वर करून बसला. पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, "आजी, यू आर राइट. धिस इज टेरिबल." काही आठवड्यांत सिग्नलची वेळ बदलली. सासूबाई शेवटपर्यंत त्याला "माझा सिग्नल" म्हणायच्या आणि पलीकडे काही काम नसलं तरी एकदा जाऊन यायच्या.

त्याच नीलिमा वैशंपायन आज आपल्या भागाच्या काँग्रेसवुमन आहेत आणि यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त आपलं मराठी मंडळ त्यांचा सत्कार करणार आहे आणि हा गौरवग्रंथ काढत आहे. मला लिहायला सांगताना संपादकांनी बजावलं आहे की पक्षाचं नाव काढायचं नाही. मंडळ धर्मादाय संस्था असल्यामुळे त्याला निवडणुकीच्या भानगडीत पडता येत नाही. मी ते पाळणार आहे. तसाही नीलिमाताईंचा त्यांच्या पक्षाला जेवढा अभिमान आहे तेवढाच तापही आहे, तेव्हा नाव गाळल्याने कोणाचं बिघडणार नाही. वयाने त्या माझ्याहून पुष्कळ लहान, पण अख्खा मतदारसंघ त्यांना ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

त्यांचा जन्म इथलाच, न्यू जर्सीतला. वडील सांगलीहून आलेले डॉक्टर, आई घरी मराठी सोडून दुसरं काही बोलू न देणारी. शाळेतल्या मास्तरांना वैशंपायन हे आडनाव कधीच उच्चारता आलं नाही, तेव्हापासून त्या "मिस व्ही" झाल्या, आणि निवडणुकीच्या पाट्यांवरही तेच एक अक्षर मोठ्ठं छापलेलं असतं. वकिलीची पदवी घेतल्यावर त्यांनी मोठ्या कंपनीत जायचं सोडून घरमालकांनी हुसकावलेल्या भाडेकरूंची बाजू मांडायचं काम धरलं. वडील वर्षभर नीट बोलले नाहीत. मग कौन्सिल, राज्याची विधानसभा आणि त्यानंतर काँग्रेस, असा प्रवास झाला. त्यांच्या मतदारसंघातल्या ऑफिसात मी निवृत्तीनंतर काही वर्षं अर्धवेळ काम केलं. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, तक्रारी माझ्याकडे असायच्या, त्यामुळे पुढे लिहिते त्यातलं बरंचसं मी जवळून पाहिलेलं आहे.

त्यांची राजकीय मतं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ती सगळ्यांना पटतात असं मुळीच नाही. परदेशात सैन्य पाठवायचं तर आधी काँग्रेसची परवानगी हवी, हे त्यांनी देशाचा अध्यक्ष स्वतःच्या पक्षाचा असतानाही सोडलं नाही. रेल्वे आणि बस यांवर सरकारने हात सैल सोडून खर्च करावा, असं त्या प्रत्येक भाषणात म्हणतात, विषय कुठलाही असो. कुटुंबं एकत्र राहिली पाहिजेत, हे त्यांचं स्थलांतराविषयीचं मूळ म्हणणं. औषधांच्या किमतींवर सरकारने कंपन्यांशी घासाघीस करावी, हेही त्यांचं जुनं मत आहे. आता आपल्या भागात निम्मी घरं औषध कंपन्यांच्या पगारावर उभी राहिलेली, आमचंही त्यातलंच. तिथे असं मत बाळगणं म्हणजे मासे विकणाऱ्यांच्या गल्लीत शाकाहाराचा प्रचार करण्यासारखं होतं.

पण नीलिमाताईंची एक रीत आहे, आणि हा लेख खरं म्हणजे त्या रीतीबद्दल आहे. एखाद्या मतदानात त्यांनी आपल्या लोकांच्या इच्छेविरुद्ध मत दिलं, की त्याच आठवड्यात त्या त्या लोकांकडे जातात. पत्रक पाठवत नाहीत, मदतनिसाला पाठवत नाहीत. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या समोर बसतात आणि ऐकून घेतात. हो म्हटलेलं सांगायला ऑफिसातलं कोणीही चालतं, नाही म्हटलेलं सांगायला आपणच गेलं पाहिजे, असं त्या आम्हाला सांगायच्या. औषधांच्या किमतींवर मत दिल्यानंतर ताई औषध कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांच्या बैठकीला गेल्या होत्या. तिथे सगळ्यांत जास्त आवाज चढवला तो आमच्या यजमानांनी. संशोधनाला पैसा कुठून येणार, यावर त्यांनी ताईंना पुरतं धारेवर धरलं. ताईंनी त्यांचा एक मुद्दा उचलला आणि पुढे कायद्यात दुरुस्ती सुचवताना तो वापरला. यजमान आजही म्हणतात, "बाई चुकीची आहे, पण सरळ आहे." आमच्या घरात याहून मोठी पदवी मिळत नाही.

या रीतीची खरी परीक्षा झाली ती ग्रीन कार्डच्या मतदानाच्या वेळी.

नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना ग्रीन कार्डसाठी किती वर्षं रांगेत थांबावं लागतं, हे मंडळात कोणाला सांगायला नको. या रांगेत एक फार वाईट गोष्ट दडलेली आहे. आईवडिलांबरोबर लहानपणी आलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्यांच्या व्हिसावरून आणि त्यांच्या अर्जातूनही बाहेर पडतं. मग त्याने स्वतःचा काही मार्ग शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. त्या वर्षी एक विधेयक आलं, ज्याने ही रांग झपाट्याने पुढे सरकली असती. मात्र त्याच विधेयकाने नागरिक झालेल्यांची आपल्या आईवडिलांना आणि भावंडांना कायमचं इकडे आणायची वाट बंद होणार होती. नीलिमाताईंनी विरोधात मत दिलं. विधेयक थोडक्या मतांनी पडलं.

आपल्याकडे हाहाकार उडाला. आपली म्हणून निवडून दिली आणि आपल्याच मुलांवर उलटली, असं लोक किराणा दुकानाच्या रांगेत मोठ्याने बोलायला लागले. ताईंनी मंडळाला फोन केला आणि रविवारी येते म्हणून सांगितलं. त्यांच्या प्रचाराचं काम पाहणारा डॅनी नावाचा तरुण अगदी काकुळतीला आला होता. "त्या हॉलमधले निम्मे लोक व्हिसावर आहेत. दे कान्ट इव्हन व्होट," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "मग त्यांना मी सोडून कोण आहे, डॅनी?"

सभा शाळेच्या कॅफेटेरियात होती. आता मंडळाची सभा म्हटल्यावर काही गोष्टी हात आपोआप करतात. अध्यक्ष पाटणकरकाकांनी सवयीने शाल आणि नारळ आणून ठेवला होता, आणि स्वयंपाकाच्या चमूने बटाटेवडे आधी वाटून टाकले होते. त्यामुळे जाब विचारायला आलेली दोनेकशे माणसं हातात वड्याची बशी धरून बसलेली. चिडायचं कसं, हा प्रश्न होता. कोणी तावातावाने हात वर केला की चटणी सांडायची. पाटणकरकाका शाल घेऊन पुढे झाले तशी ताई म्हणाल्या, "काका, आज नको. आज मी पाहुणी नाहीये." आणि स्टेजवरची खुर्ची खाली ओढून लोकांसमोर बसल्या.

सगळ्यांत आधी शंतनू उठला. शंतनू नागपूरचा, माझ्या माहेरच्या गल्लीतला, सॉफ्टवेअरमध्ये. त्याची मुलगी इरा दोन वर्षांची असताना इथे आली. त्या वेळी ती नर्सिंगला होती आणि येत्या मार्चमध्ये एकवीस पूर्ण करणार होती.

"ताई, तुम्ही आमच्या ना?" तो म्हणाला. "मग नो व्होट केलंच कसं तुम्ही? मार्चमध्ये माझ्या मुलीचं स्टेटस जाईल. तिला नागपूर आठवतही नाही. तिला मी कुठे पाठवू, सांगा."

ताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "शंतनू, मी ते व्होट विचार करून दिलं. परत आलं तर परत तेच देईन. इथे बसलेल्या कितीतरी लोकांचे आईवडील त्याच दारातून आलेत. एकाच्या मुलीसाठी दुसऱ्याच्या आईला बाहेर ठेवायचं, असा सौदा मी साइन नाही करू शकत. पण त्याची किंमत इराने पे केली, मी नाही. तुझा राग बरोबर आहे. म्हणून मी इथे आलेय."

"राग घेऊन मी काय करू?" शंतनू ओरडला. मागून आणखी चारजण ओरडले. पाटणकरकाका "शांतता, शांतता" करत हात हलवत होते आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. तेवढ्यात इरा उठली. सडपातळ मुलगी, कॉलेजचा स्वेटशर्ट घातलेली.

"बाबा, स्टॉप, प्लीज," ती म्हणाली, आणि ताईंकडे वळली. "मला फक्त एक विचारायचंय. इज देअर अ प्लॅन?"

"मार्चच्या आत? नो," ताई म्हणाल्या. "स्टुडंट व्हिसा करू, त्यात मी पूर्ण मदत करीन. पण तो उपाय नाही, फक्त टाइम आहे. आणि मी एक वेगळं बिल आणतेय, फक्त तुझ्यासारख्या मुलांचं. कोणाकडून काही काढून न घेणारं. बहुतेक ते पास होणार नाही."

"मग आणता कशाला?"

"कारण नाही आणलं तर नक्की होणार नाही."

इरा हसली नाही, रडली नाही. "ओके," म्हणाली आणि खाली बसली. एवढ्या वर्षांत पुढाऱ्याच्या तोंडून "होणार नाही" हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. मला त्यांचा तेव्हा रागही आला होता आणि अभिमानही वाटला होता, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी वडा न खाताच घरी आले.

त्यानंतरच्या निवडणुकीत ताई जेमतेम निवडून आल्या. आपल्या भागातली मतं चांगलीच घटली होती, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे, कारण गौरवग्रंथात अशा गोष्टी हळूच विसरायची पद्धत असते. इराचा स्टुडंट व्हिसा झाला. विधेयक ताईंनी मांडलं आणि ते पडून राहिलं. दोन वर्षांनी निवडणूक होऊन नवी काँग्रेस भरली, तेव्हा पुन्हा मांडलं, पुन्हा पडून राहिलं. इराची पदवी झाली, वर्षभर कामाची परवानगी मिळाली, तीही संपली. ज्या हॉस्पिटलला नर्सेस मिळत नव्हत्या त्या हॉस्पिटलने तिला रडत निरोप दिला. टोरांटोने तिला हसत घेतलं. ती निघायच्या आदल्या दिवशी नीलिमाताई शंतनूच्या घरी गेल्या. मीही गेले होते. ताईंनी इराला थंडीचे बूट आणले होते आणि मापाने जरा मोठे आले म्हणून स्वतःवरच चिडल्या होत्या. शंतनूने चहा केला. निघताना ताई इराला एवढंच म्हणाल्या, "आय ॲम सॉरी, बेटा," आणि गाडीत बसल्यावर मात्र त्या बुटांची पावती काढून माप पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. मी शेजारी होते, म्हणून मला माहीत आहे.

इरा गेल्यानंतर वर्षभरात शंतनूचा रांगेतला नंबर लागला आणि त्याच्या हातात ग्रीन कार्ड पडलं. ते बघून आनंद मानावा की कपाळावर हात मारावा, ते आम्हाला कोणालाच कळेना.

नीलिमाताईंनी विधेयक मांडणं सोडलं नाही. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा समितीतून पुढे गेलं. त्या दिवशी इरा टोरांटोहून वॉशिंग्टनला आली होती. समितीसमोर तिने स्वतःची हकीकत सांगितली, कुठेही अडखळली नाही. मी टीव्हीवर बघत होते. मतं मोजून झाल्यावर ताई समोरचे कागद तसेच टाकून सरळ इराकडे गेल्या. अजून सभागृहाचं मतदान बाकी आहे, नंतर सेनेट. पुष्कळ बाकी आहे.

याच वसंतात शंतनूने नागरिकत्वाची शपथ घेतली. ताई समारंभाला आल्या होत्या. यंदा त्या निवृत्त होणार, अशी कुजबुज तेव्हा चालू होती. शपथ झाल्यावर शंतनू हातातला छोटा झेंडा हलवत सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "ताई, रिटायर वगैरे काही व्हायचं नाही. एवढी वर्षं तुमच्याशी भांडलो, आता कुठे व्होट मिळालंय. ते कोणाला देऊ?" ताई मनापासून हसल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा उभं राहणार असल्याचं जाहीर केलं.

सत्काराच्या दिवशी इरा येणार आहे. ज्या गावात ती सायकल शिकली त्या गावात येताना तिला विमानतळावर सांगावं लागेल की मी पाहुणी आहे, थोडेच दिवस राहणार आहे. नीलिमाताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं आम्ही सगळे मनापासून चिंतितो. काँग्रेसची धीमी चाल बघता त्यातलं बरंचसं कामीही येईल. पण माझं एक वेगळं मागणं आहे. इरा कायमची राहायला परत येईल त्या दिवशी विमानतळावर शंतनूच्या शेजारी तासन्‌तास उभं राहता येईल, एवढे तुमचे पाय धडधाकट राहोत.