पाहुण्याची झडती

त्या सरांचा सूड घ्यायचा, हे त्यांचा टेम्पो फाट्यावरून वळायच्या आतच मी ठरवलं. लोक म्हणतात, राग गिळावा. कायले गिळावा? माझ्या पोटात त्याला जागा नव्हती.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गाव. मी इथली आशा कार्यकर्ती. मागे जंगलाच्या कडेला कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या. तिथल्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात येत नसत. साहेब लोक म्हणायचे, अडाणी आहेत, घाबरतात. आम्ही आसपासच्या गावांतल्या आशा, अंगणवाडीच्या ताया, दोन सुईणी आणि एक जीपवाला, बाजाराच्या दिवशी चिंचेखाली जमायचो. एकदा म्हटलं, अंदाज कशाला बांधता, त्यांनाच विचारू. पोडावर अंगणात बसलो. अडचण जेवढी मोठी तेवढा मोठा दगड मांडा, असं सांगितलं. रस्त्याचा खडा लहान निघाला, भीतीचा त्याहून लहान. मग एक तरणी बाई उठली आणि दोन्ही हातांनी एक धोंडाच उचलून आणला.

"मी दवाखान्यात गेली तं लेकरं कोण पाहीन?"

झालं! त्या धोंड्यातून आमची खोली निघाली. गावातच पत्र्याचं घर भाड्यानं घेतलं. दिवस भरत आले की बाई पोरांसकट तिथे येऊन राहायची, आमच्या बाया पाळीपाळीनं पोरं सांभाळायच्या, कळा सुरू झाल्या की जीप. शहरातल्या एका संस्थेचे सर यात सामील झाले. भाडं ते भरायचे, खोटं कशाला सांगू? चिंचेखाली मांडी घालून म्हणायचे, "ताई, हे संशोधन आपल्या सगळ्यांचं आहे." आम्ही गुळासारख्या विरघळलो.

पुढे एकदा शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये आम्हाला नेलं आणि मागच्या खुर्च्यांवर बसवलं. पडद्यावर आमचा धोंडा दिसला, त्यामागे त्या बाईचे नुसते हात. सर म्हणाले, या भगिनींनी माहिती पुरवली. मग म्हणाले, बाहेरचा आधार काढला की असं जाळं टिकत नाही, हा आमचा निष्कर्ष. टाळ्या पडल्या. मी बोलायला उठले तर कुणीतरी सांगितलं, चहा थंड होतोय.

निष्कर्ष खरा करायला त्यांनी वेळ लावला नाही. पोळ्याच्या तोंडावर टेम्पो आला. खाटा गेल्या, पंखा गेला, घरमालकाला घर परत. धोंडा उचलणारी तीच बाई तेव्हा आत होती, भरल्या दिवसांची, दोन लेकरं घेऊन. तिचे स्वयंपाकाचे गंज अंगणात आणून ठेवले. "अभ्यास संपला, ताई," सर मला म्हणाले, अगदी गोड आवाजात. माझ्या दोन खणांच्या घरात चल म्हटलं तर ती ऐकेना. गंज डोक्यावर घेतले, लेकरं पुढे घातली.

"आता पोडावरच होईन," म्हणाली. पहिल्या खेपेला तिथेच ती मरता मरता वाचली होती. रडली नाही. रडले मी, ते रागानं.

मग माझ्या डोक्यात झडती शिरली. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की जाणती माणसं झडत्या देतात. चारचौघांत, ठणठणीत आवाजात, कवन करून एखाद्याची पार धूळधाण करायची. ज्याची झडती होते त्यानं रागवायचं नाही, रागावला तर वर्षभर हसं. माझे सासरे गावातले पट्टीचे झडतीवाले. आणि सर पोळा दाखवायला पाहुणे घेऊन येणार होते. देवच पावला म्हणा ना! सरांचा चष्मा, पंखा, टेम्पो, सगळं बसवून मी झडती रचली आणि सासऱ्यांना ऐकवली. ते पोट धरून हसले. आणि नाही म्हणाले.

"भैताड झाली का तू? झडती घरच्याची देतेत. पाव्हण्याची देल्ली कधी आयकली?"

"त्यानं भरल्या दिवसाच्या बाईचे गंज बाहेर काढले, मामाजी!"

"काढले ना. मंग गावानं काय केलं? समाजमंदिराच्या मागच्या खोलीची चाबी कोनापाशी हाय?"

सरपंचापाशी. खोलीत त्याच्या डीजेच्या पेट्या. आमचं पत्र्याचं बिऱ्हाड उठलं तेव्हा हाच माणूस समोरच्या पानठेल्यावर उभा राहून पाहत होता. माझा राग काही उतरला नाही, रागानं फक्त तोंड सरपंचाकडे फिरवलं. सर त्यातून सुटले म्हणून मी रात्रभर दात खाल्ले, पण झडती नवीन रचली.

पोळ्याला सर आले, पाहुणे आले, कॅमेरे निघाले. सासरे पुढे झाले.

"वाटी रे वाटी, पितळेची वाटी,
समाजमंदिर बांधलं गावासाठी,
अंदर निजते डीजेची पेटी,
बाहेर कन्हते गावाची बेटी,
सांग सरपंचा, तू जलमला कोठी?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सरपंच कुठे जन्मला हे सगळ्या गावाला ठाऊक. मग ओट्यावरून त्याची म्हातारी मायच ओरडली, "बैलबंडीत रे बाप्पा, बंडीत! भर पान्यात!" मग काय विचारता! बैल बुजतील एवढा हशा. सरपंचानं दात विचकून हसल्यासारखं केलं, करदोड्याची चाबी सोडली आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या जी. नाही तं माय मले घरात घेनार नाही."

सरांना भारी मजा वाटली. पुढे येऊन म्हणाले, "आजोबा, आमच्यावरही एक होऊन जाऊ द्या!"

सासऱ्यांनी हात जोडले. "घरच्याची देतेत जी. तुमी पाव्हणे. जेऊन जा."

सरांचं हसू तोंडावरच राहिलं. एवढी वर्षं 'आपलं, आपलं' केलं होतं ना? मी स्वतः त्यांना पुरणपोळी वाढली, तूप हात सोडून घातलं. पोळी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, आणि मी आग्रह सोडत नव्हते. हाय रे, काय बरं वाटलं!

पेट्या त्याच दिवशी निघाल्या. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन मी पोडावर गेले. बाईनं चाबी पाहिली, मला पाहिलं, आणि लेकरांना हाक मारली. मुलगी झाली, दवाखान्यात. दोन्ही लेकरं तेव्हा सरपंचाच्या मायपाशी शेंगा खात बसली होती.

बाजाराच्या दिवशी आता आम्ही त्याच खोलीत बसतो. मागे सरांचा निरोप आला. जाळं कसं टिकलं, याचा त्यांना नव्यानं अभ्यास करायचाय, यावं का? माझं उत्तर तयार होतं, दोन शब्दांचं. पण आमच्याकडे सगळ्यांना विचारून ठरतं, म्हणून विचारलं.

तान्हीला पाजता पाजता तीच बाई म्हणाली, "येऊ द्या ना. लेकरं पाहाले मानूस कमीच पडते."

तसा निरोप धाडला. अजून सर आलेले नाहीत.