करडाच्या कानाखालची गाठ आणि तापलेला विळा

मंडळी, आज सकाळी कोळवणजवळच्या वाडीत मी पोचले, तेव्हा चुलीत विळा लाल झाला होता! मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे विळा कशासाठी ते लगेच कळलं.

सखुमावशींच्या करडाला कानाखाली लिंबाएवढी गाठ आली होती. "डाग दिला की जिरतीया," मावशी म्हणाल्या.

गाठ मऊ होती, गरम नव्हती. सुई घातली तर पू नाही, चिकट लाळ आली.

"मावशी, इथे करवंदांच्या घोसासारखी लाळेची ग्रंथी असते. देठांतून लाळ तोंडात जाते. एक देठ दुखावलाय, म्हणून ती साचलीय. डाग दिलात तर घोसच जळेल. मी छोटं ऑपरेशन करते, बरं होईल."

मावशींनी पदर सारून पोटावरचा जुना डाग दाखवला. "मला बी ल्हानपनी दिलाता. जगले न्हवं?"

"जगलात. पण डागामुळे नाही."

मावशी चुलीपाशी गेल्या. मग विळा पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं.

"लई दुखलं व्हतं, बाई," एवढंच म्हणाल्या.

तुमच्या घरात कुणाच्या अंगावर आहे असा डाग? कधी विचारलंत, दुखलं होतं का?