निकालाच्या दिवशी वाजलेला फोन

टॅक्सीच्या खिडकीत वाकून माझे बाबा एवढंच म्हणाले, "पोरीची दहावी तरी होऊ द्यायची होतीस." सामान डिकीत गेलं होतं, सासूबाईंनी हातावर दही ठेवलं होतं आणि आठवीतली मुग्धा मागच्या सीटवर मुसमुसत होती. मी चिडले. म्हटलं, तिकडे काय शाळा नसतात?

असतात हो! पण मला त्यातलं ओ की ठो कळेना. पुण्यात कुठला क्लास चांगला, कुठल्या कॉलेजचा कटऑफ किती, हे सगळ्या बायका मला विचारायच्या. डच मुलखात हूफडॉर्पला आले आणि माझी सगळी हुशारी पाण्यात गेली. पहिलं वर्षभर मुग्धा नुसतं डच शिकली, मग 'हावो'त गेली. हावो म्हणजे मधली वाट, थेट युनिव्हर्सिटीची नव्हे. मार्क दहापैकी. सात मिळाले की ही खूश, आणि मी म्हणणार, "सातच?"

शाळेत पेरेंट्स मीटिंगला मेंटर, म्हणजे तिचे वर्गशिक्षक, सगळं तिच्याशीच बोलायचे. मी शेजारी पाहुण्यासारखी बसायची. घरी येऊन विचारलं, की "आई, relax, it's my exam!" सतीश, माझा नवरा, रोज आर्नहेमच्या ऑफिसातून दमून यायचा आणि म्हणायचा, "तिला कळतंय ना, झालं तर मग." मला मात्र फार एकटं वाटायचं. माझ्या मुलीच्या अभ्यासात मला जागाच उरली नव्हती.

शेवटच्या वर्षी हट्टानं नियम समजून घेतले. निम्मे मार्क शाळेतले, निम्मे देशभरच्या परीक्षेचे. पास व्हायला सहा लागतात, पण एका विषयात पाच पडले तर चालतात. दोनात पडले तर दुसरीकडे जास्त मिळवून भरपाई करायची. मुग्धाचा इतिहासही कच्चा, डचही कच्चं. भरपाई झाली नाही तर एका विषयाची फेरपरीक्षा, तीही गेली तर सबंध वर्ष पुन्हा.

आणि निकालाची तऱ्हा ऐका. दुपारी दोन ते तीन मेंटर फक्त नापास झालेल्यांना फोन करतात. फोन आला नाही, की पास!

त्या दुपारी आम्ही दोघीच घरात. एरवी पुण्याचा फोन यावा म्हणून मी जीव टाकायची, त्या दिवशी देवाला म्हणत होते, वाजू देऊ नकोस. आणि वाजला. मुग्धा पांढरीफटक पडली. मीच उचलला.

"काय गं, निकाल काय लागला? पेढे आणायला निघालोय!"

निकालाच्या दिवशी फोन करायचा, ही आपली रीतच. बाबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! मी ओरडले, "बाबा, ठेवा फोन! आत्ता करू नका!" आणि आपटला.

तीन वाजून गेले. पुन्हा वाजला नाही. मुग्धा मला घट्ट बिलगली आणि मराठीत म्हणाली, "आई, झाले गं मी पास." आम्ही दोघी रडलो. मग वाटलं, आता सतीश सोडून हे सांगू कुणाला? शेजारच्या दारांमागे कुणीच ओळखीचं नव्हतं.

पुण्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. बाबा पेढे आणायला गेलेच नव्हते. फोनजवळ बसून होते. हळू आवाजात म्हणाले, "आता बोललं तर चालेल ना?"

चार वर्षांत कुणी मला घर कुठे विचारलं, तर मी हूफडॉर्पचा पत्ता सांगायचे. अजूनही तोच सांगते. पण त्या क्षणी मी म्हटलं, "बोला बाबा, पास झाली! पेढे आधी आपल्या घरी ठेवा," आणि माझ्या डोळ्यांपुढे पुण्याचंच घर होतं.